रोहा शाखा, पुरुष शिक्षक एक

टाळ्या वाजल्या तेव्हा नूतन मोकलचे हातही वाजले, आणि ते आपलेच हात आहेत हे तिला दोन-चार टाळ्यांनंतर कळलं. पेणला संस्थेच्या सभागृहात सकाळपासून पासष्ट बालवाडी शिक्षिका बसल्या होत्या. समोर पडद्यावर दोन रकाने होते, एकावर नॉर्वे लिहिलेलं, दुसऱ्यावर भारत. मनाली नावाची पुण्याहून आलेली संशोधक मुलगी सांगत होती की तिकडे लहान मुलांच्या शाळांत शंभरामागे दहाएक पुरुष असतात आणि तेही कमीच म्हणून सरकार खटपट करतं. आपल्याकडे अंगणवाडीतलं पद मुळात बायकांसाठीच, म्हणून ती खासगी बालवाड्या मोजत होती. या जिल्ह्यात एकेचाळीस पाहून झाल्या होत्या आणि एकीतही पुरुष शिकवताना सापडला नव्हता. "एकही नाही," असं ती दोनदा म्हणाली. तेव्हा पहिल्या रांगेतले दत्तात्रेयभाऊ, संस्थेचे सचिव, हात वर करून उठले. "आमच्या रोहा शाखेत आहे. गोरख हिलम. कातकरी समाजातला मुलगा, तीन वर्षं झाली शिकवतोय. आणि मुख्याध्यापिका या आमच्या नूतनबाई, मागे बसल्यात." मनालीने हसून वहीत काहीतरी लिहिलं. पासष्ट बायका वळून बघायला लागल्या. मग टाळ्या. गोरखला वर्गातून काढून तेव्हा बावीस दिवस झाले होते, आणि काढलं होतं दत्तात्रेयभाऊंनीच, नूतनच्या टेबलासमोर उभं राहून.

शेजारची बाई "नशीबवान हो तुम्ही," असं काहीतरी पुटपुटली, तेव्हा तिच्या हातातली वही घेऊन फाडावी असं नूतनला वाटलं. पडद्यावर आता नॉर्वेतल्या एका बालवाडीचा फोटो होता. बर्फात एक दाढीवाला माणूस उकिडवा बसून एका मुलीच्या पायात बूट चढवत होता आणि मुलगी त्याच्या डोक्यावर हात ठेवून तोल सांभाळत होती. सभागृहातल्या बायका "अय्या" म्हणून हसल्या. नूतनला त्या हसण्याचा राग आला, दाढीवाल्याचा आला, त्या अख्ख्या देशाचा आला. त्या मुलीचा बाप शाळेत येऊन टेबलावर मूठ आपटत नाही का, असं उभं राहून विचारावं, असं तिच्या मनात आलं. ती उठली नाही. ती उठत नाही, हे तिला गेल्या बावीस दिवसांत चांगलं माहीत झालं होतं.

चहाच्या वेळी भाऊ स्वतःहून तिच्याजवळ आले. आधी त्यांनी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. हा माणूस सरळ वाईट असता तर सोपं झालं असतं. मग म्हणाले, "उद्या सकाळी मनाली रोह्याला येतेय, मी पण येतो. फोटो काढेल, दोन-चार प्रश्न विचारेल. गोरखला वर्गात उभा करा."

"भाऊ, तो येत नाही आता. तुम्ही त्याला स्टोअरच्या कामाला लावलंत, आठवड्याने सोडून गेला."

"बोलवा की. एका दिवसाचा प्रश्न आहे. तुमचं ऐकतो तो."

"आणि परवा?"

"परवाचं परवा बघू. नूतनबाई, संस्थेचं नाव होतंय. त्यात तुमचंही होतंय." त्यांनी बशीतलं बिस्किट तिच्यापुढे केलं. तिने ते घेतलं, आणि खाल्लं सुद्धा.

दुपारच्या एसटीत ती खिडकीशी बसली. हायवेचं काम चालूच होतं, धूळ आत येत होती, आणि ती काच ओढून घेत नव्हती. गडबच्या पुढे भात काढलेल्या शेतांत वाल हिरवागार पसरला होता. त्याच्याकडे बघताना तिला जिते गावातलं माहेर आठवलं आणि वडील आठवले, बैलांना ओढ्यावर धुणारे. केवढ्या मायेने धुवायचे. कानांच्या मागे बोट घालून, पोटाखाली हात फिरवून, तोंडाने हळू हळू काहीतरी बोलत. काठावर उभी असलेली सहा-सात वर्षांची नूतन बघत राहायची आणि आपण बैल असतो तर बरं झालं असतं असं तिला खरोखर वाटायचं. चार मुलींपैकी एकीलाही त्यांनी कधी आंघोळ घातली नाही, भरवलं नाही, कडेवर घेतलेलं तिला आठवत नव्हतं. तिच्या नवऱ्याने अक्षयला, त्यांच्या एकुलत्या मुलाला, भिजलेल्या दुपट्यासकट दोन हातांच्या अंतरावर धरून, "घे गो हे तुझं," म्हणून तिच्या मांडीत टाकलं होतं. हे तुझं. या माणसांचे हात कुणी बांधून ठेवले होते? आणि ज्या एकाचे हात मोकळे निघाले त्याचं आपण काय केलं? राग असा फिरत फिरत तिच्याजवळ आला की ती खिडकीबाहेर बघायची, नागोठणं किती लांब आहे ते मोजायची, आणि तो पुन्हा दुसऱ्या कुणाकडे तरी जायचा.

गोरखला तिनेच घेतलं होतं. मुलाखतीला नऊ बायका आणि तो. भाऊ म्हणाले होते, वर पहिली-दुसरीला बघू याला, शिशुवर्गाला पुरुष कशाला. तिने गोरखला विचारलं, लहान मुलांचा अनुभव आहे का. तो म्हणाला, "माझी चार भावंडं मीच ठेवली, बाई. आई-बाबा विटा पाडायला जायचे तर भट्टीवर मीच असायचो पोरांबरोबर. धाकटी तर माझ्याच हातावर मोठी झाली." बाकीच्या नऊ जणींनी पाठ केलेली उत्तरं दिली होती. तिने त्याला घेतलं आणि पुढे तीन वर्षं, पाहुणा आला की त्याला वर्गाच्या दारापर्यंत न्यायची. सुरुवातीला मुलं गोरखलाही बाईच म्हणायची. शिकवणारं माणूस म्हणजे बाई, एवढंच त्यांना माहीत होतं. "बाई, मला शू," असं त्या उंच काळ्यासावळ्या मुलाला चाळीस पोरं म्हणायची आणि तो त्यांना दुरुस्त करायचा नाही. पावसाळ्यात तो दारात बसून एकेकाचे पाय पुसायचा. रडणाऱ्या मुलाला तो उगीच गप्प करायचा नाही, नुसता त्याच्या शेजारी जमिनीवर बसायचा आणि मूल आपोआप त्याच्याकडे सरकायचं. नूतन हे ऑफिसच्या खिडकीतून बघायची. तिला ते आवडायचं. आपण ते केलं आहे, हे जास्त आवडायचं. आता एसटीत तिला त्या आवडण्याची शिसारी आली.

आणि तो सोमवार. मालू, शाळेतली मावशी, गडबला भाचीच्या लग्नाला गेली होती. दोन्ही शिक्षिका स्नेहसंमेलनाच्या तालमीसाठी वरच्या हॉलमध्ये. नूतन फोनवर होती, मांडववाल्याशी बोलत. गोरख दारात आला. "बाई, सुरभीचे कपडे खराब झालेत. एखाद्या बाईंना खाली पाठवता का?" ती म्हणाली, "मालू नाहीये, तूच बघ." तो गेला नाही. पुन्हा म्हणाला, "बाई, मुलगी हाय. वरून कुणालातरी बोलवा." आणि तिने फोनवर हात ठेवून, वैतागून, या शब्दांत सांगितलं होतं, "अरे, चार वर्षांचं मूल आहे ते. धू आणि बदल. एवढं काय त्यात." तो गेला. मोरीचं दार उघडं ठेवून त्याने तिला धुतलं, हे ऑफिसच्या खिडकीतून तिला दिसत होतं. पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी सुरभीचे वडील आदेश आले, धाटावच्या एका कंपनीत ऑफिसर आहेत ते, बरोबर भाऊ. आदेशने टेबलावर मूठ आपटली. "कुणाला विचारून त्याने माझ्या मुलीला हात लावला? मुळात कुठला हा? कातकरवाडीवरचा ना?" गोरख भिंतीशी उभा होता. त्याने नूतनकडे बघितलं. फार वेळ नाही, एक श्वास घेऊन सोडण्याइतकाच. टेबलावर हजेरीपट उघडा होता आणि ती हजेरीपट वाचायला लागली. खरंच वाचायला लागली. त्या पानावरची नावं तिला अजून क्रमाने आठवत होती. मग गोरख म्हणाला, "चुकलं माझं." ते दोन शब्द तो इतक्या सहज म्हणाला की लहानपणापासून म्हणत आला असावा. भाऊंनी लगेच निकाल दिला, वर्ग बंद, स्टोअर बघ. आदेश गेले. नूतनने हजेरीपट मिटला आणि मांडववाल्याला फोन लावला.

रोह्याला उतरून ती घरी गेली नाही. पूल ओलांडून पलीकडे अष्टमी गावात गेली. कुंडलिकेवरून वारा येत होता आणि तिचे गुडघे दुखत होते. गोरखची खोली एका पिठाच्या चक्कीमागे होती, हे तिला मालूकडून माहीत होतं. तीन वर्षांत ती तिथे कधी आली नव्हती. दारात त्याची आई सोनी वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने नूतनला ओळखलं, पण ती उठली नाही.

"गोरख आहे का?"

"हाय. आताच शिफ्टवरून आलाय." सोनी शेंगा सोलत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "माज्या पोरानं काय केलं, बाई? वाडीवर लोक काय काय बोलतात. तुमी व्हतात तिथं. तुमी सांगा."

नूतनने तोंड उघडलं. तेवढ्यात गोरख बाहेर आला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, केसांना अजून पाणी. त्याने आतून खुर्ची आणली, पुसली, तिच्यासाठी ठेवली. त्या पुसण्याने तिला रडू यावं असं झालं आणि त्याचाही तिला राग आला. आपल्याला इथे रडायचा काय हक्क?

तिने सगळं सांगितलं. मनाली, रकाने, टाळ्या, उद्याचा फोटो. त्याने मध्ये काही विचारलं नाही. नॉर्वेतल्या त्या दाढीवाल्याचं सांगितलं तेव्हा फक्त म्हणाला, "बर्फात बूट घालणं जिकिरीचं असेल." मग म्हणाला, "उद्या नाय येणार, बाई. कंत्राटी हाय, खाडा चालत नाय. आणि आलो तर परवा पोरं विचारतील. त्यांना काय सांगणार तुम्ही?"

"मी भाऊंना सांगते, कायमचा परत…"

"नाय. मी आता परत नाय येत." हे त्याने रागावून म्हटलं नाही. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. "पण एक सांगाल का? सुरभीच्या पप्पांना. मी तुम्हाला दोन वेळा विचारलं होतं, एवढं."

"सांगेन," ती म्हणाली. तिलाच तो आवाज खोटा वाटला, आणि गोरखलाही वाटला असावा, कारण तो पुन्हा बोलला.

"माझ्यासाठी नाय. मालूमावशी सांगत होती, त्या पोरीला घरी रोज विचारतात. सरांनी काय केलं, कुठं हात लावला, नीट आठव. रोज. तिला काय झालंच नाय, बाई. पण मोठी माणसं एवढं विचारतात म्हटल्यावर तिला वाटेल की झालं काहीतरी. मग ते तिच्या डोक्यात ऱ्हाईल. आयुष्यभर ऱ्हाईल."

सोनीच्या हातातली शेंग थांबली होती. चक्की सुरू झाली, जमीन हलकी थरथरायला लागली. नूतन खुर्चीवर बसून राहिली. बावीस दिवस ती गोरखचा विचार करत होती, संस्थेचा करत होती, सगळ्यात जास्त स्वतःचा करत होती. त्या मुलीचा विचार तिने एकदाही केला नव्हता. एकतीस वर्षं बालवाडीत काढलेल्या बाईने. मुलीचा विचार केला होता तो त्या एकट्यानेच, जो आता कंपनीत ड्रम ढकलायला जात होता. तिच्या अंगात जे उसळलं त्याला दुसरीकडे जायला जागाच उरली नाही. भाऊ नव्हते, आदेश नव्हते, नॉर्वे नव्हतं. ती उठली तेव्हा गोरख म्हणाला, "रिक्षा बघू का?" ती म्हणाली, "नको, चालत जाते," आणि पूल ओलांडून घरी येईपर्यंत दातांवर दात आवळून राहिल्याने तिचा जबडा दुखायला लागला होता.

सकाळी साडेआठला फाटकापाशी नेहमीची गर्दी होती. स्कूटर, डबे, पाण्याच्या बाटल्या, आयांचे आवाज. भाऊंची गाडी आली. मनाली कॅमेरा घेऊन उतरली आणि भाऊंनी डोळ्यांनीच नूतनला विचारलं, आलाय ना? नूतन त्यांच्याकडे न बघता पुढे गेली, कारण आदेशची मोटारसायकल वळणावर दिसली होती. सुरभी पुढे टाकीवर बसली होती. आदेशने तिला उतरवलं, तिचं दप्तर खांद्यावर नीट केलं.

"आदेशसाहेब, थांबा जरा. त्या दिवशी सुरभीला धुवायला गोरखला मी सांगितलं होतं."

आदेशला पहिल्यांदा कळलंच नाही. "काय?"

"तो दोन वेळा म्हणाला, एखाद्या बाईंना पाठवा. मीच त्याला म्हटलं, तूच धू. दार उघडं होतं. मी ऑफिसातून बघत होते. तो चुकला नव्हता. मी गप्प बसले."

आजूबाजूच्या आया थांबल्या. कुणीतरी स्कूटर बंद केली. भाऊ जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "नूतनबाई, आत चला. हे आत बोलू."

"इथंच बोलू द्या," आदेश म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "तुम्ही सांगितलं होतं? मग त्या दिवशी का बोलला नाहीत, मॅडम? मी समोर उभा होतो. बावीस-तेवीस दिवस माझ्या घरात कुणी नीट जेवलेलं नाही. तुम्ही का बोलला नाहीत?"

ती उत्तर शोधत नव्हती. उत्तरं तिच्याकडे भरपूर होती. घाबरले, निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, भाऊ समोर होते. सगळी खरी होती आणि त्यातलं कुठलंही म्हटलं असतं तरी त्या बायकांनी मान डोलावली असती. पण गोरख भिंतीशी उभा राहून तिच्याकडे बघत होता तेव्हा तिच्या मनात त्यातलं काहीही नव्हतं. काय होतं, ते तिला त्या दिवसापासून माहीत होतं.

"तो गोरख होता म्हणून," ती म्हणाली. "माझा भाचा असता तिथे, तर मी तुमच्याशी भांडले असते. तुमच्या दारात येऊन भांडले असते. हा वाडीवरचा. हा ऐकून घेईल, याच्या मागून कुणी येणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून बोलले नाही."

मनालीचा कॅमेरा गळ्यात लोंबत होता आणि तिच्या हातात वही होती. तिने भाऊंकडे बघितलं, मग नूतनकडे. "मॅडम, मग मी… तुमच्या शाखेचं काय लिहू?"

"शून्य लिहा. कालपर्यंत एक होता असंही लिहू नका. बावीस दिवसांपूर्वीच काढलाय."

"आणि कारण? तसा रकाना नाहीये माझ्या फॉर्मवर."

"मग कोऱ्या जागेत लिहा. आता ऐकलंत ते सगळं."

भाऊ गाडीकडे निघाले. जाताना फक्त म्हणाले, "हे तुम्ही बरं नाही केलंत, नूतनबाई. पत्र येईल." तो आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

आदेश अजून उभे होते. "सांगितलंत तरी मला नाहीच चालणार," ते म्हणाले, पण आवाजात त्या दिवशीचा जोर नव्हता. "पुरुष तो पुरुष."

"नका चालवून घेऊ. पण पोरीला रोज विचारणं बंद करा. पाया पडते तुमच्या, तेवढं बंद करा."

सुरभी बापाचं बोट धरून वर बघत होती, एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे. नूतन गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसली. "सुरभी, त्या दिवशी तुझे कपडे खराब झाले, सरांनी ते बदलले. बाईंनीच त्यांना सांगितलं होतं. एवढंच झालं."

"मला माहितेय," सुरभी म्हणाली. मग थोडा विचार करून, तक्रारीच्या सुरात, "पाणी खूप गार होतं."

आदेशने मुलीकडे बघितलं. त्यांच्या ओठांवर 'मग?' असा शब्द येतोय हे नूतनला दिसलं, रोज संध्याकाळी येत असणार तोच शब्द. ते थांबले. त्यांनी तो गिळला. मग मुलीला उचलून पुन्हा टाकीवर बसवलं, दप्तर आपल्या खांद्याला अडकवलं आणि मोटारसायकल वळवली. सुरभीला त्यांनी त्या महिन्यातच दुसऱ्या शाळेत घातलं.

प्रार्थनेची घंटा झाली. आया पांगल्या. मनाली फाटकाशीच बसून वहीत लिहीत होती. नूतन आत गेली, शिशुवर्गातल्या पोरांना जमिनीवर बसवलं, आणि बाहेर येऊन मालूला म्हणाली, "आजपासून सकाळी मोठं पातेलं भरून पाणी तापवत जा. मोरीत ठेवायचं."

मालूने तिच्याकडे बघितलं. "इतकी वरसं गारच व्हतं की बाई. कुणी बोललं नाय."

"व्हय," नूतन म्हणाली. पातेलं माळ्यावर होतं. मालूची वाट न बघता तिने स्टूल ओढलं, वर चढली, आणि धुळीने भरलेलं ते जड पातेलं दोन्ही हातांनी इतक्या जोरात खाली ओढलं की आतली पोरं एकदम गप्प झाली.